वायरीला जागा

उदगीरच्या आपल्या घरी दयानंद सांगे, मी नोकरी सोडली. हिंजवडीत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की नोकरीनेच त्याला सोडलं. दोन हजार नऊच्या मंदीत या दोन गोष्टींत तसा फरकही फारसा उरला नव्हता, आणि जो होता तो सासुरवाडीत सांगण्यापुरता होता.

तो आणि त्याची बायको उत्कर्षा, मुळशीतल्या कासार आंबोली गावात, हैबतराव नावाच्या शेतकऱ्याच्या नव्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. उत्कर्षा रोज सकाळी बस पकडून कोथरूडच्या कचेरीत जाई आणि दयानंद मागच्या खोलीत सोल्डरिंगचा धूर नाकात घेत बसे. खाली हैबतरावांच्या पत्नीला, तुळजाबाईंना, बरेच दिवस वाटत होतं की वरचा भाडेकरू चोरून उदबत्त्या वळतो आणि त्याला त्यांचा वासच नीट जमत नाही.

तो करत होता एक बोर्ड. काडेपेटीपेक्षा थोडा लांबट, हिरवा, मधोमध एक काळी चिप. चिपला संगणकावरून एकदा पढवून ठेवलं की ती सांगितल्या वेळी दिवा लावते, मोटर फिरवते, कुरकुर करत नाही आणि लग्नसराईत रजा मागत नाही. अशा चिपा बाजारात पुष्कळ होत्या. पण नवशिक्या पोराने ती घ्यायची म्हटलं तर तिच्याभोवती दहा भानगडी जोडाव्या लागत. त्या भानगडी बोर्डावर आधीच उरकून ठेवायच्या, आणि बोर्ड असा करायचा की पोराने तो ब्रेडबोर्डवर खोचला की काम सुरू, हा दयानंदचा बेत होता.

ब्रेडबोर्ड ही पांढऱ्या प्लॅस्टिकची जाड पट्टी. नावात ब्रेड असला तरी भोकं अनारशासारखी. मधून एक नाली जाते आणि नालीच्या दोन्ही अंगांना ओळीत पाच-पाच भोकं असतात. एका ओळीतली पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली. बोर्डाचा पाय एका भोकात गेला की शेजारच्या उरलेल्या भोकांत वायर खुपसायची, झालं काम. चुकलं तर उपटून पुन्हा लावायची. म्हणजे सगळी मेख पाय बसण्यात नाही, पाय बसल्यावर जी भोकं उरतात त्यांत आहे. हे वाक्य दयानंदने भिंतीवर लिहून ठेवायला हवं होतं.

या उद्योगामागे एक जुनी ठसठस होती. तो स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, तोही पहिल्या वर्गातला. पण त्याच्या कॉलेजात सगळ्या बॅचला मिळून चिपवर प्रयोग करायचं एकच यंत्र होतं. ते कपाटातून बाहेर निघालं की अटेंडंट त्यावर वाघासारखा पहारा देई. बॅचचा पुढारी बटणं दाबे आणि बाकीचे मागून माना उंच करून आकडे उतरवून घेत. चार वर्षांत दयानंदच्या हाताने एकही दिवा लागला नाही. प्रत्येक पोराच्या हातात स्वतःचा बोर्ड असला पाहिजे, त्याने दिवा लावला पाहिजे, ही त्याची एकच इच्छा होती. ती तो कोणाला फारशी सांगत नसे, कारण ऐकणारे लगेच विचारत की यात मार्केट किती आहे.

बोर्डाचं नाव त्याने ठेवलं 'सवंगडी'. पहिला सवंगडी सडपातळ होता. ब्रेडबोर्डवर बसला की दोन्ही अंगांना तीन-तीन भोकं मोकळी राहत. त्यावर दयानंदने दिवे लावले, भोंगा वाजवला, उत्कर्षाला ऑफिसातून आल्या आल्या उभ्यानेच सगळं दाखवलं. पिरंगुटजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे विभागप्रमुख देवचके सर बोर्ड पाहून म्हणाले, "दसऱ्याला आमच्या नव्या लॅबचं उद्घाटन आहे. संस्थेचे सचिव येणार आहेत. तेव्हा करून दाखवा. पसंत पडला तर आपण घेऊ."

नेमकी त्याच सुमाराला बंगळूरहून एक चांगली नोकरी सांगून आली. उत्कर्षा समजूतदार होती, पण समजूतदारपणालाही तिने तारीख घातली होती. ती म्हणाली, "दसऱ्यापर्यंत ते लोक थांबतील, मीही थांबते. कॉलेजने घेतला तर राहू इथंच. नाही घेतला तर मी सामान बांधायला घेणार." दयानंदने मान हलवली. त्याचं सगळं आता त्या हिरव्या तुकड्यावर येऊन ठेपलं होतं.

इथे रेडिओ आला.

हैबतरावांनी रस्त्याकडचं रान बंगलेवाल्यांना विकलं होतं आणि विहिरीकडचं मागे राखलं होतं. विकताना एक बारीकशी गोष्ट ठरवायची राहून गेली, ती म्हणजे मागच्या रानात जायचं कुठून. बंगलेवाल्यांनी कंपाउंड घातलं, फाटक बसवलं. आता विहिरीवरची मोटर चालू करायला हैबतरावांना ओढ्याने लांबचा वळसा पडे, आणि पोचेपर्यंत वीज जाई.

"माज्याच रानात जायाला मला वॉचमन नाव इचारतोय. कुनाकडं जायचंय म्हनतोय!" ते एके दिवशी वर येऊन खाटेवर बसत म्हणाले. "सायेब, तुमच्या त्या पाटीला रेडिओ बसवा. हितं बटान दाबलं की तितं मोटर चालू झाली पायजे. मोबाइलवरनं मोटर चालू करायची पेटी आनून बघितली, पर वड्यात रेंजच न्हाई."

"मामा, हा बोर्ड मुलांना शिकायला आहे," दयानंद म्हणाला.

"मंग आमी काय शिकायचंच न्हाई व्हय?"

घरमालकाशी वाद घालायला भाडेकरूचं काळीज मोठं लागतं. शिवाय खरं सांगायचं तर दयानंदलाही रेडिओचा मोह होताच. नुसता दिवा लावणाऱ्या बोर्डाला गावात कोण विचारतो? त्याने तडजोड काढली. रेडिओ राहील, पण ऐच्छिक. बोर्डावर त्याची जागा तेवढी ठेवायची, हवा त्याने रेडिओ बसवावा, नको त्याने जागा रिकामी सोडावी. आता आपल्याकडे ऐच्छिक म्हणजे काय हे लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' वाचलेल्या माणसाला सांगायला नको.

रेडिओचा तुकडा होता रुंद. त्याला जागा द्यायची तर पायांच्या रांगा बाहेर सरकवायला हव्या होत्या. दयानंदने संगणकावर दोन्हीकडे एकेक भोक सरकवलं. एकच तर, तो म्हणाला. मग हैबतरावांच्या मोटरसाठी जाड वायर पकडणारा ठोकळा आला, तेव्हा आणखी एक भोक सरकलं. मग देवचके सरांचा फोन आला की सचिवांची इच्छा आहे, बोर्डावर संस्थेचं बोधचिन्ह हवं, आणि ठळक हवं. बोधचिन्हात सूर्य होता, ग्रंथ होता, दातेरी चाक होतं आणि खाली संस्कृत वचन होतं. आणखी एक भोक सरकलं. मुळशीत शेताचा बांध असाच सरकतो. दर नांगरटीला नांगराचं एकच तास, कोरणाऱ्याला वाटतं त्यात काय मोठंसं, आणि एक दिवस शेजारी मोजणी आणतो.

भोसरीच्या कारखान्यातून बोर्ड तयार होऊन आले ते अष्टमीला. दयानंदने दोन बोर्डांवर सगळं सामान चढवलं, रेडिओही बसवले. एक ब्रेडबोर्डवर दाबला. काय बसला म्हणता! पाय दोन्ही काठांच्या अगदी शेवटच्या भोकांत गेले, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. दयानंद त्याच्याकडे बघतच राहिला. सासूला जावई पहिल्यांदा बघताना दिसतो तसा तो त्याला दिसला, म्हणजे फक्त गुण. तेवढ्यात हैबतराव दुसरा बोर्ड घेऊन विहिरीकडे निघाले होते, आणि दयानंदने घरून बटण दाबल्यावर तिकडे मोटर चालू झाल्याची आरोळी ओढ्यापलीकडून आली. त्या दिवशी तुळजाबाईंनी पुरण घातलं. एलईडी लावून बघायचं तेवढं राहिलं. ते तर जुन्या बोर्डावर हजारदा केलेलं. उद्या सकाळी बघू, दयानंद म्हणाला.

उद्या होती खंडेनवमी.

सकाळी तो चहा घेऊन मागच्या खोलीत गेला तर टेबल मोकळं. खाली ओसरीवर पाट मांडला होता. त्यावर कोयता, खुरपं, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची चावी आणि त्यांच्याच रांगेत दयानंदचं सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर, वायरींचं भेंडोळं आणि ब्रेडबोर्डवर बसलेला सवंगडी. सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं आणि झेंडूची फुलं वाहिली होती.

"मामी, अहो, मला थोडं काम होतं त्यावर," दयानंद म्हणाला.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "वरीसभर राबत्यात. एक दिस त्यांचा. उद्या दसऱ्याला पूजा हलीवली का मंग घ्या."

"त्याने अजून एक दिवसही काम केलेलं नाही हो."

"मंग तर आदीच न्हाई. पैलं काम मुहूर्तावर हुं द्या."

दयानंद इंजिनिअर होता, पण आधी तो उदगीरचा होता. त्याच्या आईनेही याच दिवशी त्याच्या हातून कंपास हिसकावून पाटावर ठेवली होती. तो निमूट वर गेला. दिवसभर तो चार वेळा काही ना काही निमित्ताने खाली आला आणि लांबूनच बोर्डाकडे पाहून गेला. एकदाही त्याचं लक्ष पांढऱ्या पट्टीकडे गेलं नाही. तिथे बोर्डाशेजारी मोकळं भोक एकही नव्हतं. पण फुलांनी ती निम्मी झाकलेली होती, आणि उरलेली निम्मी दयानंदच्या अभिमानाने.

दसऱ्याला कॉलेजात मांडव होता. सचिवांनी नारळ फोडला, फीत कापली, मग सगळे लॅबमध्ये आले. हैबतराव नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. उत्कर्षा मागे भिंतीपाशी उभी होती. देवचके सर म्हणाले, "आता आमची एक विद्यार्थिनी या स्वदेशी बोर्डावर पहिला दिवा लावेल," आणि दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीला त्यांनी पुढे बोलावलं. ही जवळच्या भरे गावची जान्हवी. तिने एलईडी घेतला, वायर घेतली आणि बोर्डावर वाकली. वाकलेलीच राहिली. मग तिने बोर्ड फिरवून पाहिला. मग दयानंदकडे पाहून हळूच विचारलं, "सर, वायर कुठं लावू?"

"बोर्डाच्या शेजारच्या भोकात," दयानंद हसून म्हणाला.

"शेजारी भोकच नाही, सर."

तो वाकला. पायांच्या बाहेर पट्टीचा काठ होता. पायांच्या आत, बोर्डाच्या पोटाखाली, सगळी भोकं अंधारात होती. ब्रेडबोर्डशी जमवून घेणारा त्याचा सवंगडी ब्रेडबोर्डवर असा ऐसपैस आडवा झाला होता की दुसऱ्या कोणाला टेकायलाही जागा नव्हती. दयानंदची कानशिलं तापली. जमीन दुभंगावी असं माणसाला का वाटतं ते त्याला त्या घटकेला पुरतं कळलं.

"अवो, रेडिओ लावा की!" हैबतराव पहिल्या रांगेतून ओरडले, आणि उठून त्यांनी विहिरीवरून आणलेल्या दुसऱ्या बोर्डाचं बटण स्वतःच दाबलं. इकडच्या बोर्डावरचा बारीक दिवा वायरीवाचून लुकलुकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सचिवांनी बोर्ड उचलून बोधचिन्ह जवळून पाहिलं आणि प्रसन्न झाले. जान्हवी एलईडी आणि वायर हातात धरून तशीच उभी होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

पेढे वाटून झाल्यावर दयानंद देवचके सरांच्या केबिनमध्ये गेला आणि खरं ते सांगून मोकळा झाला. "सर, माझी चूक झाली. बोर्ड रुंद झालाय. सगळी भोकं झाकली जातात. मला दिवाळीपर्यंत वेळ द्या, अरुंद करून देतो."

देवचके सरांनी उठून दार लावलं. "चूक? कसली चूक?"

"त्याला वायर लावता येत नाही, सर."

"अहो, तेच तर!" देवचके सर वाईट माणूस नव्हते. वीस वर्षं त्यांनी लॅब सांभाळली होती, आणि सांभाळताना तिचा वापर नेमका कशासाठी करायचा हे हळूहळू विसरले होते. "दरवर्षी ही मुलं काही ना काही जाळतात. मग चौकशी, मग मलाच जाब. पुढच्या महिन्यात कॉलेज तपासायला दिल्लीची समिती यायचीय, त्यांना सामान दिसलं पाहिजे, नवंकोरं दिसलं पाहिजे. ज्याला वायरच लागत नाही ते जळणार कसं? आणि रेडिओ तर त्यांना फारच आवडेल. सगळे बोर्ड असेच द्या. तुमचं हे जमलं की संस्थेच्या आणखी दोन कॉलेजांत मी शब्द टाकतो. फक्त सुधारणा करू नका."

बसस्टॉपवर दयानंदने उत्कर्षाला सगळं सांगितलं.

"तुला ऑर्डर हवी होती. मिळाली," ती म्हणाली.

"हो."

"मग तोंड असं का?"

"सुरुवात तर होऊ दे. पुढच्या खेपेला अरुंद करू," तो म्हणाला. हे वाक्य उच्चारताना प्रत्येकाला ते खरंच वाटतं. बंगळूरला त्याने स्वतःच फोन करून नकार कळवला. ती जागा आठवड्याच्या आत भरली, आणि भरली तीही त्याच्या हाताखाली शिकलेल्या निषादने.

बोर्ड काचेच्या कपाटात गेले. आत ट्यूबलाइट होती, खाली मखमल होती. दिल्लीची समिती कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली आणि स्वदेशी तंत्रज्ञानाबद्दल चार चांगले शब्द लिहून गेली. दयानंदचा सत्कार झाला. उदगीरला फोटो गेला, आणि आई तो पाहून रडली. दयानंद मात्र त्या लॅबवरून जाताना पावलं उचलून चालायला लागला. आपण कपाट फोडायला निघालो होतो आणि कपाट भरून परत आलो, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. शाल आणि श्रीफळ घेताना दोन्ही हात गुंतलेले असतात, एवढंच.

समिती गेल्यानंतर काही दिवसांनी देवचके सरांचा फोन आला. "ताबडतोब या. बोर्ड जळलाय."

केबिनमध्ये सचिव बसले होते. कोपऱ्यात जान्हवी मान खाली घालून उभी होती. टेबलावर बोर्ड होता, चिपच्या जागी काळा डाग. समितीसाठी कपाट पुसायला हिला बोलावलं होतं. पुसता पुसता हिने एक बोर्ड दप्तरात घालून घरी नेला, देवचके सरांनी सांगितलं. पण वायर लागलीच कशी, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. जान्हवी पुटपुटली, "दोन ब्रेडबोर्ड शेजारी-शेजारी ठेवले, सर. बोर्डाच्या पायांची एक रांग ह्यावर, एक त्यावर. मग दोन्हीकडं भोकं मोकळी राहतात."

दयानंदने बोर्ड उचलला. तिने खेळण्यातली मोटर थेट चिपच्या पायाला जोडली होती आणि मोटरचा भार चिपला झेपला नव्हता, हे त्याने डागावरूनच ओळखलं. शिकाऊ माणूस सगळ्यात आधी करतो ती चूक.

"आता तुम्ही तज्ज्ञ म्हणून सचिवसाहेबांना सांगा," देवचके सर म्हणाले. "बोर्ड निर्दोष आहे, हिने गैरवापर केला. एवढंच. मग हिची टर्म काही ग्रँट होत नाही, आणि त्या दोन कॉलेजांचं आजच पक्कं करू."

सचिव हसून म्हणाले, "बोर्डातच दोष असला तर मात्र आम्हाला सगळेच परत करावे लागतील, बरं का."

टर्म ग्रँट झाली नाही तर मुलीचं वर्ष जाणार, आणि भऱ्यात मुलीचं गेलेलं वर्ष बहुधा परत येत नाही. घरचे स्थळ बघायला लागतात. दुसऱ्या बाजूला दोन कॉलेजं होती, वरच्या मजल्याचं भाडं होतं, आणि बंगळूरची जागा गेलेली होती. पुन्हा फोन करायचा तर निषादच्या हाताखाली बसायची तयारी ठेवून करायला हवा होता. दयानंदला भीती वाटली.

"दोष बोर्डाचा आहे," तो म्हणाला.

"नीट बघून सांगा," देवचके सर म्हणाले.

"नीटच बघितलंय. हा नवशिक्यांसाठी केलेला बोर्ड आहे, सर. नवशिक्याची पहिली चूक त्याला सोसत नसेल तर तो माझ्याकडून बिघडलाय. आणि वायर लावायला हिला दोन-दोन ब्रेडबोर्ड जोडावे लागले, हा दोष तर मी तुम्हाला दसऱ्यालाच सांगितला होता. सगळे परत घेतो."

देवचके सर त्याच्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघत राहिले. सचिव घड्याळ बघून उठले. सदोष माल पुरवणाऱ्याला संस्थेची पायरी पुन्हा चढू देऊ नये, एवढं त्यांनी जाता जाता दारातच ठरवून टाकलं. त्यात मुलीचा विषय आपोआप मिटला, कारण रागवायला आता मोठा माणूस मिळाला होता.

बोर्डांची खोकी घेऊन दयानंद व्हरांड्यात आला तेव्हा जान्हवी खांबाशी थांबली होती. "सर, माझ्यामुळं तुमचं लई नुकसान झालं," ती म्हणाली.

"ते राहू दे. मला एक सांग," त्याने खोकी खाली ठेवली. "जळायच्या आधी दिवा लागला होता?"

"लागला की, सर!" तिचा चेहरा उजळला. "आदी एक लागला. मग दुसरा लावला, तोबी लागला. आमच्या सगळ्या आळीला बोलवून दाखवलं. आजी तर म्हणाली, ही पोरगी काय करणी करती का काय. मग मला हाव सुटली आन् मी मोटर लावली."

दयानंदला तिथेच व्हरांड्यात रडू फुटलं. ते दिसू नये म्हणून त्याने खिशातून पेन काढलं आणि तो एका खोक्याच्या झाकणावर, मोटर थेट का लावू नये, मध्ये भार झेलणारा ट्रान्झिस्टर कसा घालावा, याची आकृती तिला काढून दाखवायला लागला.